रेशमाचा पडदा येईपर्यंत थांबावे का?

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. लहानपणी डावा कान वारंवार फुटून वाहत असे आणि तेव्हापासून पडद्याला भोक आहे. विहिरीत पोहायला शिकलो तेही कानात कापसाचा बोळा कोंबूनच. सध्या कान कोरडा आहे, ऐकू मात्र कमी येते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून नवा पडदा बसवण्याचा सल्ला दिला आहे. परदेशात रेशमापासून कानाचा पडदा तयार केल्याचे नुकतेच वाचनात आले. तो आपल्याकडे येईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का?
— एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कान कोरडा असणे ही शस्त्रक्रियेसाठी अनुकूल वेळ असते आणि ती वाया घालवण्याइतका सध्याचा उपाय वाईट नाही. तरीही आपण वाचलेली बातमी खोटी नाही.

पडद्याचे भोक झाकण्याची धडपड जुनी आहे. १६४० मध्ये जर्मनीतील मार्कुस बान्झर याने डुकराच्या मूत्राशयाचा तुकडा नळीवर ताणून कानात बसवण्याचा उपाय लिहून ठेवला, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेक यांनी भोकावर कागदाचा तुकडा चिकटवण्यास सुरुवात केली. लहान भोकासाठी कागदाची ही युक्ती आजही वापरात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास वुलस्टाइन आणि झोलनर या जर्मन शल्यविशारदांनी आजच्या टिम्पॅनोप्लास्टीची, म्हणजे पडदा दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेची, घडी बसवली. आपल्या डॉक्टरांनी सुचवली आहे ती बहुधा हीच शस्त्रक्रिया असावी. तीत कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर असलेले पातळ आवरण काढून घेतात. हाती येते तेव्हा ते ओलसर आणि लिबलिबीत असते. त्यावरचे स्नायूचे धागे खरवडून, ते सपाट पसरून वाळवले की बटर पेपरसारखे कडक होते आणि मग कात्रीने हव्या त्या मापाचे कापता येते. सरावलेल्या हातांनी केलेल्या शंभर शस्त्रक्रियांपैकी साधारण ऐंशी ते नव्वद कानांत भोक बुजते.

मग संशोधकांना वेगळा पडदा का हवा आहे? जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा हा पडदा तीन थरांचा असतो. बाहेर त्वचा, आत मधल्या कानाचे अस्तर आणि या दोहोंमध्ये कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. त्यातले काही तंतू सायकलच्या चाकातील आऱ्यांसारखे मध्याकडून कडेला जातात, तर काही वर्तुळाकार फिरतात. नेमक्या कंपनांचे बरेचसे श्रेय या विणीला जाते आणि स्नायूच्या आवरणात ती नसते. त्याऐवजी कूर्चा, म्हणजे कानातले मऊ, लवचिक हाड, वापरली तर पडदा मजबूत होतो, पण ती पुरेशी पातळ कापली नाही तर कंपने मंदावतात. शिवाय ती अपारदर्शक असल्याने मागे पुन्हा काही बिघडत असेल तर डॉक्टरांना बाहेरून दिसत नाही.

रेशमाकडे लक्ष वळले ते यामुळे. कोषाचा धागा सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरचे सेरिसिन हे डिंकासारखे प्रथिन काढून टाकले की उरते ते फायब्रॉइन, म्हणजे रेशमाचे मूळ प्रथिन. ते विरघळवून त्याचा पातळ, पारदर्शक आणि चिवट पापुद्रा तयार करता येतो. आपल्या मराठवाड्यातले शेतकरी तुतीवर वाढवतात त्याच जातीच्या किड्याचे हे रेशीम. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील इअर सायन्स इन्स्टिट्यूट आणि डीकिन विद्यापीठ यांनी विकसित केलेला ‘क्लिअरड्रम’ याच मार्गाचा आहे. हा पापुद्रा नुसते ठिगळ नसून, भोकाच्या कडेच्या पेशींनी त्याच्या आधाराने सरकत सरकत पलीकडे पोहोचावे, अशी त्यामागील कल्पना आहे. बोस्टनमध्ये हार्वर्डची ‘वीस’ (Wyss) ही संशोधन संस्था आणि मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालय यांनी ‘फोनोग्राफ्ट’ या कृत्रिम पडद्यासाठी वर सांगितलेली आऱ्यांची आणि वर्तुळांची वीणच त्रिमितीय छपाईने उतरवली आणि चिंचिला या प्राण्याच्या कानात ती वापरून पाहिली. जपानने तर २०१९ मध्ये वेगळ्याच उपचाराला मान्यता दिली : भोकाची कड ताजी करून, पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज तेथे ठेवायचा आणि वरून फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा गोंद लावायचा. त्यात कानामागे छेद घ्यावाच लागत नाही. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत आश्वासक वाटतो.

मात्र यांपैकी कोणताही पडदा फक्त भोक बुजवतो. इतक्या वर्षांच्या आजारात पडद्यामागच्या हाडांची साखळी झिजली असेल, तर पडदा रेशमाचा असो वा स्वतःच्या शरीरातला, ऐकू कमीच येणार. तेव्हा ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घेताना हाडांबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत अंघोळीच्या वेळी कानात व्हॅसलिन लावलेला कापूस ठेवावा.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. रेशमासाठी किडे मारले जातात. आईच्या कानासाठी असा पडदा न वापरता दुसरा पर्याय आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि तो सर्वत्र उपलब्ध आहे. वर वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत आवरण किंवा कूर्चा रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून घेतली जाते. मात्र पडदा जागेवर राहावा म्हणून मधल्या कानात बहुधा जिलेटिनच्या स्पंजाचे तुकडे भरतात आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते. त्यामुळे आईंची हरकत डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या दिवशी न सांगता पहिल्याच भेटीत सांगावी.