आधी तराजू, मग पुडी : कोंबडीखाद्यातल्या प्रीबायोटिकविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी हजार ब्रॉयलरची शेड आहे. मका-सोयापेंडीचं खाद्य घरीच मिसळतो. विक्रेता प्रीबायोटिक घ्या म्हणतो. ते नक्की काय करतं, किती घालायचं आणि पैसे वसूल होतात का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू आणि प्रीबायोटिक म्हणजे त्या चांगल्या जंतूंचं खाणं. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला म्हणजे मॅनन ऑलिगोसॅकराइड, बोलीत ‘मॉस’. हे यीस्टच्या पेशीच्या आवरणापासून बनतं. ई. कोलाय आणि साल्मोनेला आतड्याच्या अस्तरावरच्या मॅनोज साखरेला धरून बसतात. मॉसमध्ये तीच साखर असल्यामुळे जंतू त्याला चिकटतात आणि विष्ठेवाटे निघून जातात. दुसरा प्रकार फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड आणि इन्युलिनचा. हे कोंबडीला पचत नाहीत. सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या दोन पिशव्यांत, लॅक्टोबॅसिलससारखे जंतू त्यांच्यावर वाढतात, आम्ल तयार होतं आणि रोगकारक जंतूंना तिथे टिकणं अवघड जातं.

मॉसचं नेहमीचं प्रमाण पहिल्या 21 दिवसांत टनाला 1 किलो आणि पुढे 500 ग्रॅम. तरी पाकिटावरची मात्रा आधी पाहा, कारण प्रत्येक मालाची ताकद वेगळी असते. पाकिटावर मॅनन आणि बीटा-ग्लुकन या यीस्टच्या आवरणातल्या घटकांची टक्केवारी छापलेली हवी. नुसतं ‘यीस्ट’ लिहिलं असेल तर घेऊ नका. अख्ख्या यीस्टमध्ये प्रथिनच जास्त असतं आणि ते तर सोयापेंडीतून स्वस्तात मिळतं.

आता हिशेब. दोन किलो वजनापर्यंत हजार पक्षी साधारण 3,200 किलो खाद्य खातात, त्यातलं 1,200 किलो पहिल्या 21 दिवसांत. म्हणजे मॉस लागेल 2.2 किलो. भाव 300 रुपये किलो धरला तर खर्च 660 रुपये. खाद्य 40 रुपये किलो असेल तर 16.5 किलो खाद्य वाचलं की पैसे फिटले. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागलेलं खाद्य, 1.600 वरून 1.592 झाला तरी पुरे. पण एवढासा फरक नुसत्या नजरेला कळत नाही. शेडमध्ये मधोमध जाळी लावा, एकाच हॅचरीची पिल्लं दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी सोडा, खाद्य वेगळं मोजा, दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोला. दोन-तीन बॅच असं केल्याशिवाय ‘फरक पडला’ म्हणू नये. तूस कोरडं, पाणी स्वच्छ आणि ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देणं) नीट असलेल्या शेडमध्ये फरक बहुधा कमीच दिसतो.

खरी चूक होते ती मिसळण्यात. टनाला 1 किलो म्हणजे हजारात एक भाग. पुडी थेट मिक्सरमध्ये ओतली तर काही पक्ष्यांना दुप्पट मिळतं, काहींना काहीच नाही. 100 किलो खाद्याला 100 ग्रॅम मॉस तोलून घ्या, ते 1 किलो मक्याच्या भरड्यात हाताने एकजीव करा, मग 10 किलोत आणि शेवटी सगळ्या खाद्यात. उभ्या मिक्सरला 10 ते 15 मिनिटं द्या. तेल सर्वांत शेवटी घाला. आधी घातलं तर गुठळ्या होतात आणि भुकटी त्यांनाच चिकटून बसते. पिण्याच्या पाण्यातून मॉस देऊ नका. ते विरघळत नाही, तळाशी बसतं आणि निपल (पाणी पिण्याच्या नळ्यांची तोंडं) तुंबतात.

प्रश्न : टनाला 10 किलो इन्युलिन घातलं. आठवड्यात लिटर (शेडमधलं तुसाचं अंथरूण) ओलं झालं, अमोनियाने डोळे चुरचुरतात. माल खराब होता का?
— एक वाचक, मावळ

उत्तर : माल नव्हे, मात्रा चुकली. इन्युलिन टनाला 2 ते 4 किलोंच्या पुढे नेऊ नये. सोयापेंडीत मुळातच रॅफिनोज आणि स्टॅकिओज या न पचणाऱ्या साखरा असतात. त्यांच्यावर आणखी 10 किलो पडले की सीकममध्ये आंबणं वाढतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि विष्ठा पातळ होते.

आज इन्युलिन थांबवा. पापडी धरलेलं तूस उचलून बाहेर टाका, कोरडं तूस पसरा, बाकीचं रोज खालीवर करा, पडदे उघडून हवा खेळती ठेवा. मूठभर लिटर दाबून पाहा: मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर ठीक, तसाच राहिला तर अजून ओलं आहे. निपलची उंचीही तपासा. पक्ष्याने मान वर ताणून प्यायला हवं, पण पाय जमिनीवर सपाट. खाद्यातलं मीठ 0.3 टक्क्यांपेक्षा फार वर नको.

तपकिरी, चिकट, फेसाळ विष्ठा दिवसातून थोडी पडणं नैसर्गिक आहे, ती सीकमची असते. रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. ओल्या लिटरमध्ये कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवी रोग झपाट्याने पसरतो आणि त्यावर प्रीबायोटिक हे औषध नाही. खाद्यातलं कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे या रोगाला आवरणारं औषध, स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : अँटिबायोटिक चालू असताना मॉस द्यावं का?

उत्तर : चालतं. मॉस जिवंत नसल्याने औषधाने मरत नाही. क्लोरीनचं पाणी किंवा पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बनवतानाची उष्णताही त्याला मारक नाही. प्रोबायोटिक मात्र औषधाचा कोर्स संपल्यावर द्या. वाढीसाठी म्हणून अँटिबायोटिक घालायची सवय असेल तर ती मोडा. युरोपीय संघात ते 2006 पासून बंद आहे आणि भारतात कोलिस्टिनवर 2019 पासून बंदी आहे.

प्रश्न : कांद्यातही हेच घटक असतात म्हणे. फेकून द्यायचा कांदा खाद्यात घालू का?

उत्तर : नको. कांद्यात फ्रुक्टान, म्हणजे इन्युलिनच्याच कुळातला घटक, असतं हे खरं, पण 85 ते 90 टक्के पाणीच असतं. पुरेशी मात्रा गाठायला इतका कांदा लागेल की खाद्य ओलं होऊन बुरशी धरेल. शिवाय कांद्यातली गंधकाची संयुगं जास्त झाली तर पक्ष्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. सडका कांदा तर शेडच्या आसपासही नको. तो कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.