मार्क कमी झाले, पण तू मागे गेलीस का?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका मुलीचं पत्र आहे. वय 19. मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा पहिल्यांदा 2024 ला दिली, 462 मार्क. मग लातूरला रिपीटर बॅच, होस्टेल, मेस, सगळं मिळून पावणेदोन लाख गेले. यंदा, 2025 ला, 398. ‘मावशी, वर्षभर घासून माझे 64 मार्क कमी झाले. बाबा म्हणतात, अजून एकदा दे, पैशाचं मी बघतो. आई म्हणते, मिळतंय ते आयुर्वेद घे. खासगीत बीएएमएस लागेल असं क्लासचे सर म्हणतात. मला काय हवंय तेच कळेनासं झालंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही.’ सोबत दोन्ही स्कोअरकार्डांचे फोटो आहेत.

बाळा,

तुझ्या पत्रातला एक हिशेब आधी मोडून काढू या. 462 मधून 398 वजा करून तू स्वतःला नापास ठरवलंस. पण ही वजाबाकी करताच येत नाही. 2024 च्या पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते, आठवतंय ना तो गोंधळ? 2025 ला देशात पहिला आला त्याला 686. फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलं, त्यामुळे सगळी उतरंडच खाली आली. तू पाठवलेल्या फोटोंत मार्कांच्या खाली रँकही छापलेली आहे. गेल्या वर्षी पावणेतीन लाखांच्या पुढे होतीस, यंदा सव्वादोन लाखांच्या आत आलीस. म्हणजे पन्नास हजारांहून जास्त मुलं तू मागे टाकलीस. शेजारच्या काकूंना हे सांगत बसू नकोस, त्यांना मार्कच कळतात. पण बाबांना जरूर दाखव.

आता कडू भाग. परीक्षेला बसले 22 लाख. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. सव्वादोन लाखांवरून सरकारी एमबीबीएस अजून लांब आहे. म्हणून ‘थोडक्यात हुकलं, पुढच्या वर्षी नक्की’ असं कुणी म्हणालं, तर ऐकून सोडून दे. तुझं थोडक्यात हुकलेलं नाही.

मग कुठे हुकलंय? बायोलॉजी 360 पैकी 268, केमिस्ट्री 180 पैकी 88, फिजिक्स 180 पैकी 42. गेल्या वर्षी फिजिक्स 63 होतं. पेपर सोपा असो की अवघड, तुझं फिजिक्स तळालाच. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, तू लिहिलंयस की अकरावीला गणित सोडलं. मला वाटतं तुझं खरं पत्र त्या एका ओळीत आहे. लॉगॅरिदम, व्हेक्टर, आलेखाचा चढ, साधं गुणोत्तर हे हाताखालून गेलेलं नसेल, तर फिजिक्सचे सर फळ्यावर भराभर लिहीत जातात आणि आपण वहीत उतरवत जातो. केमिस्ट्रीतही मोल आणि इक्विलिब्रियमची गणितं तिथेच अडतात. 88 चं कारण बहुधा तेच. तीच बॅच, त्याच नोट्स, तोच वेग पुन्हा विकत घेतलास तर निकाल वेगळा का लागावा? रिपीटर बॅच ज्याला येतं त्याचा हात बसवण्यासाठी असते. ज्याचा पायाच राहिला, त्याच्यासाठी तिथे कुणी थांबत नाही.

म्हणून निर्णय आज करू नकोस. आयुषच्या, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीच्या, कॅप (सामाईक प्रवेश) फेऱ्या एमबीबीएस-बीडीएसच्या मागून निघतात, तेवढी सवड तुला आहे. पण हे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलकडची नोंदणी मात्र चुकवू नकोस, परत द्यायची ठरली तरी. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र आत्ताच काढून ठेव. तहसीलच्या खिडकीवर ऐनवेळी काय होतं ते तुला माहीत आहे.

यंदाची प्रश्नपुस्तिका तू घरी आणली असशील. परीक्षा घेणाऱ्या एनटीएची उत्तरसूची आणि तुझे नोंदलेले पर्याय समोर ठेव आणि फिजिक्सचे 45 प्रश्न एकेक करून बघ. मी पाठीमागून हिशेब मांडून पाहिला. 42 मार्क म्हणजे समजा 17 बरोबर, 26 चूक, 2 सोडलेले. त्या 17 पैकी किती खरंच आले होते आणि किती तुक्के लागले? चुकलेल्या प्रत्येकापुढे पेन्सिलने एकच शब्द लिही: ‘माहीत नव्हतं’, ‘आकडेमोड’ किंवा ‘वेळ’. खोटं लिहू नकोस, बघणारं कुणी नाही.

मग पाच आठवडे घरीच, क्लासविना. आठवी ते दहावीचं गणित उजळून घे, अकरावीच्या पुस्तकातलं कामापुरतं वाच आणि फिजिक्सचे फक्त दोन धडे धर. कायनेमॅटिक्स आणि करंट इलेक्ट्रिसिटी घे. शेवटी त्या दोन धड्यांवरचे जुन्या पेपरांतले 30 प्रश्न घड्याळ लावून अर्ध्या तासात सोडव, कारण परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात. अठरा-वीस स्वतःच्या बळावर सुटले, तर परत दे, मी तुझ्या बाजूने बाबांशी बोलेन. दहा-बाराच सुटले, तर कॅपमध्ये बीएएमएस भर.

आणि ‘मिळतंय ते’ म्हणून नको. साडेचार वर्षं आणि वर अख्खं वर्ष इंटर्नशिप, त्यात संस्कृत आहे, शवविच्छेदन आहे. मन मारून रेटण्यासारखा हा कोर्स नाही. तुझ्या तालुक्यातल्या एखाद्या बीएएमएस डॉक्टरबाईंना विचारून त्यांच्या दवाखान्यात एक सकाळ बस. ते काम आपलंसं वाटतं का बघ. प्रवेश घेऊन गुपचूप नीट द्यायचा विचार मात्र करू नकोस. मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकतात आणि हजेरी दोन्हीकडची जाते.

पैशाचं एक. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना 2024-25 पासून कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. कॉलेजला लेखी विचार, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस. होस्टेल-मेस त्यात नाही, ते बाबांच्या सोयाबीनवरच येणार, म्हणून हा आकडा घरात उघडपणे मांड. ‘पैशाचं मी बघतो’ म्हणणारा बाप रात्री काय बघत असतो, हे आम्हा जुन्या पोरींना माहीत आहे. सीईटीच्या आधीची माझी बारावी. थोडक्यात मेडिकल हुकलं आणि वर्षभर घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ती शांतता मार्कशीटपेक्षा वाईट होती.

झोपेचं मी हलक्यात घेत नाहीये. आठवडाभरात फरक पडला नाही, किंवा नको ते विचार येऊ लागले, तर त्याच क्षणी 14416 ला फोन कर. टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आईलाही सांग.

ती प्रश्नपुस्तिका मात्र आजच शोध. आईने रद्दीत घातली नसेल, तर कपाटावर असेल.

तुझी,
मावशी