हुआंग लियान ही चिनी वनस्पती स्वादुपिंड सुधारते का? पुरावा काय?

थोडक्यात, शुगर कमी होते असा पुरावा आहे, स्वादुपिंड 'दुरुस्त' होतं असा माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. हुआंग लियानच्या पिवळ्या कडूजहर मुळात बर्बेरिन नावाचं द्रव्य असतं, आपल्या दारुहळदीतही तेच. 2008 साली शांघायच्या डॉक्टरांचा अभ्यास आला, त्यात टाईप 2 डायबेटिस नुकताच निघालेल्या 36 जणांपैकी काहींना बर्बेरिन, काहींना मेटफॉर्मिन (डायबेटिसची नेहमीची गोळी), दोन्ही 500 मिग्रॅ दिवसातून तीनदा, आणि 3 महिन्यांत बर्बेरिनवाल्यांचं एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) साधारण 9.5 टक्क्यांवरून 7.5 वर आलं, म्हणजे मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. पण माणसं किती, 36! आणि गंमत म्हणजे त्याच अभ्यासात जुन्या पेशंटच्या दुसऱ्या गटात रक्तातलं उपाशीपोटीचं इन्सुलिन वाढलं नाही, उलट कमी झालं, म्हणजे शरीर आहे तेच इन्सुलिन नीट वापरायला लागलं, स्वादुपिंडाने जास्त बनवलं असं नाही. बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) वाचतात वगैरे जे सांगतात ते मुख्यतः उंदरांवरचं आहे हो.

पोट बिघडणं, गॅस, बद्धकोष्ठता कॉमन आहे. शुगरच्या गोळ्या किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, गरोदरपणात तर नकोच. आणि पॅन्क्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाला सूज येण्याच्या) दुखण्यावर हे औषध नाही, तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठा.