वाचकांचे प्रश्न : घरचा गेम सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

प्रश्न : फोंड्यातील आमच्या घरी जुन्या संगणकावर माझ्या मुलाने माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर (इतरांना एकत्र खेळू देणारा प्रोग्राम) चालू केला आहे. घरात तो उत्तम चालतो. मात्र चतुर्थीला पेडण्याच्या मूळ घरी एकत्र येणारी त्याची चुलत भावंडे वाळपईहून व मुंबईहून त्यात शिरू पाहतात, तेव्हा ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ एवढेच उत्तर येते. राउटरमध्ये २५५६५ हा पोर्ट (बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार) उघडून झाला आहे. काय राहिले असावे? — एक पालक, फोंडा

उत्तर : आपल्या मुलाने बरीच वाट आधीच चालून टाकली आहे, याबद्दल त्याचे कौतुक करावे. १.२०.५ पासूनच्या आवृत्त्यांना किमान जावा २१ (सर्व्हर ज्याच्या आधारे चालतो ते सॉफ्टवेअर) लागते, अगदी नव्या आवृत्त्यांना त्याहूनही नवी जावा. शिवाय पहिल्यांदा चालविल्यावर सर्व्हर ‘यूला’ नावाची, वापराच्या अटींना संमती नोंदविण्याची फाइल तयार करून बंद होतो आणि तिच्यातील ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहीपर्यंत पुढे सरकत नाही. पुष्कळ मुले तेथेच अडतात. आपला सर्व्हर घरात चालतो, त्या अर्थी दोष त्याच्यात नसून बहुधा पत्त्यात आहे.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून जो इंटरनेटवरचा पत्ता दिसतो, तो आपला आयपी दाखविणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे निघाले, आणि राउटरमधील पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर आपली जोडणी ‘सीजीनॅट’च्या, म्हणजे अनेक घरांना एकच पत्ता वाटून देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेच्या मागे आहे असे समजावे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्या अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, आणि २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. भावंडांची विनंती कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोहोचते, परंतु ती कोणत्या घराकडे वळवायची हे त्या यंत्रणेला ठाऊक नसल्यामुळे ती तेथेच संपते. आपण कष्टाने उघडलेल्या पोर्टपर्यंत ती येतच नाही.

अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागता येतो, पण त्यासाठी सहसा वेगळे शुल्क पडते. पाच-सहा भावंडांसाठी मी टेलस्केल किंवा झीरोटायर यांसारखे, फक्त त्यांचेच संगणक इंटरनेटवरून आपापसांत जोडणारे खासगी जाळे सुचवेन, कारण त्यात कोणताही पोर्ट जगासमोर उघडा राहत नाही आणि मुलांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन्ही पत्ते सारखेच निघाले, तर मात्र संगणकाचा फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडविणारी सुरक्षा) सर्व्हरला अडवत नाही ना ते पाहावे, राउटरमध्ये त्या संगणकाचा अंतर्गत पत्ता कायमचा नेमून द्यावा आणि चाचणी घरच्या वायफायवरून न घेता मोबाइल डेटावरून घ्यावी. पुष्कळ राउटर घरातून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्याकडे जाऊ देत नाहीत.

सर्व्हरमधील ‘व्हाइटलिस्ट’ (प्रवेश असलेल्यांची यादी) चालू करून भावंडांचीच नावे तीत घालावीत, आणि खेळाडूचे खाते खरे आहे का हे तपासणारा ‘ऑनलाइन मोड’ कोणी सांगितले तरी बंद करू नये. तो बंद असला की कोणीही कोणाच्याही नावाने आत येऊ शकतो.

आता विजेविषयी. आपल्याकडे पावसाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नसतो. म्हापशाला माझ्या घरी एका जून महिन्यात ती अशीच अचानक गेली, आणि भाचीने सुट्टीभर खपून खेळात उभारलेल्या गावाचा एक भाग पुन्हा उघडलाच नाही. तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. संगणक व राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवावेत, वीज गेल्यास सर्व्हरच्या खिडकीत ‘स्टॉप’ टंकून तो रीतसर बंद करावा, आणि दर आठवड्याला सर्व्हर बंद असताना ‘वर्ल्ड’ हा, खेळातील जग साठविलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. ती प्रत एकदा दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी.