मुलीला पुण्याला पाठवायचं की नाही: शहाणपणा की भीती?

जय ख्रिस्त दादा. तुमची पोस्ट वाचली. मुलीला पुण्यात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला सीट लागलीय, पण चर्चच्या मंडळीतल्या एका प्रार्थना करणाऱ्या ताईंनी प्रार्थनेत दर्शन झालं, त्यात धोका दिसला असं सांगितलं, तेव्हापासून तुमची झोप उडालीय, आणि तुम्ही विचारताय की तिला थांबवणं शहाणपणा की अविश्वास. आम्ही पण सोलापूरचेच, आमच्या घरात हुबेहूब हेच झालेलं, म्हणून जरा लांब लिहितेय.

प्रार्थना करा, वचन वाचा हे तुम्हाला सांगायला नको. मी सरळ बायबलमधल्या नहेम्यावर येते, यरुशलेमची पडलेली भिंत परत बांधून घेणारा तो. त्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शत्रू चालून येणार कळल्यावर त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा पण बसवला, एकाच वचनात दोन्ही. पण भिंतीचं काम थांबवलं नाही, बांधणाऱ्यांच्या कमरेला तलवार आणि हात कामात. तोच नहेम्या सहाव्या अध्यायात बघा, शमाया म्हणतो तुला मारायला येणारेत, चल मंदिरात दारं लावून बसू, तर साफ नाही म्हणतो. तो शमाया बोलत होता संदेष्ट्यासारखा, पण पैसे देऊन आणलेला, नहेम्याला घाबरवायला. तुमच्या ताई तशा आहेत असं मी अजिबात म्हणत नाही हं, त्यांच्या मनात मायाच असेल. पण देवाचं नाव घेऊन आलेली भीती पारखून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझं मत म्हणाल तर जी काळजी घेऊन काम पुढं जातं ती खबरदारी, आणि जिच्यापायी भिंतच बंद पडते ती भीती.

आमचं घोडं अडलं ते हॉस्टेलच्या ऑफिसात. माझे प्रश्न साधे होते, गेट किती वाजता बंद होतं, नाईट ड्युटी संपल्यावर मुलींना आणतं कोण, आजारी पडली तर दवाखान्यात नेतं कोण. फोन केला की साहेब जेवायला गेलेत, प्रत्यक्ष गेलो तर फॉर्म पुढं सरकवला, म्हणे आमची काही जबाबदारी नाही, इथं सही करा. वॉर्डनला भेटू पण दिलं नाही. उत्तरच नाही म्हटल्यावर मनात नाही नाही ते यायला लागलं, घरात रोज वाद, आणि त्यातच ॲडमिशनची मुदत निघून गेली. पोरीचं अख्खं वर्ष गेलं, आजही आठवलं की संताप होतो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात मेट्रनबाईंनी स्वतः खोली दाखवली, सगळं बसून सांगितलं. भरवसा आमचा आधीपण देवावरच होता, पण विचारण्यासारखं सगळं विचारून झालं तेव्हा कुठं उरलेलं त्याच्या हाती सोपवता आलं. म्हणून दादा, आधी जाऊन या, हॉस्टेलचे नियम लेखी घ्या, कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का तेपण तपासा. एवढी चौकशी म्हणजे अविश्वास असं कुणी म्हणालं तर सांगा, बायबलमधल्याच एज्रा शास्त्र्याला यरुशलेमला निघताना राजाकडे सैनिक मागायची लाज वाटली, तो उपास करून निघाला, आणि नहेम्या राजाने दिलेले स्वार घेऊन आला, देवाने दोघांनाही सुखरूप पोचवलं.

मी काही चर्चची पाळक नाही, माझा अनुभव तेवढा सांगितला. पण झोप अशीच उडालेली राहिली, छातीत धडधड होत राहिली तर डॉक्टरांना दाखवाच, त्यात कसला आलाय अविश्वास, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. आणि जाताना सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरा, दुपारच्या आत ऑफिस उघडं असताना पोचता. मुलीला सोबत न्या, तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.