पलीकडच्या शाळेला 9, आपल्या शाळेला 6

न्यू जर्सीत वसंतात घरं विक्रीला निघाली की मराठी आईबाबा माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात. इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. शाळांचा डिस्ट्रिक्ट (विभाग) तोच, तरी पलीकडच्या प्राथमिक शाळेचं वेबसाइटवरचं रेटिंग दहापैकी 9 आणि आमच्या शाळेचं 6. घर बदलायचं का?

अशीच एक आई. मुलगी दुसरीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“ताई, हे म्हणतात आणखी कर्ज नको. पण मला झोप लागत नाही.”

“त्या 6 मध्ये तुमच्या मुलीचे किती मार्क आहेत?”

ती थबकली. एकही नाही. असं रेटिंग मुख्यतः राज्याच्या परीक्षेतल्या गुणांवरून काढतात आणि ती परीक्षा तिसरीपासून असते.

मी तिला राज्याच्या शिक्षण खात्याने दिलेला शाळेचा अहवाल वाचून यायला सांगितलं. किती मुलं परीक्षेत अपेक्षित पातळीला पोचली, हा आकडा बराचसा घरची मिळकत आणि आईवडिलांचं शिक्षण सांगतो. शाळेचं काम जास्त दिसतं ते वाढीच्या आकड्यात: आधी तेवढेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं किती पुढे सरकली. 2015 च्या केंद्रीय कायद्यामुळे दर विद्यार्थ्यामागचा खर्चही शाळावार मिळतो. तो मात्र जपून वाचावा. गरजू मुलांसाठी जादा निधी आला तरी तो वाढतो आणि जुने, जास्त पगाराचे शिक्षक असले तरीही.

ती परत आली तेव्हा अहवालावर खुणा केलेल्या होत्या. वाढीत तिची शाळा 9 वालीच्या पुढे होती. तरी चेहरा उतरलेलाच.

“मी झेडपीच्या शाळेतली. कॉलेजात पहिल्या दिवशी सर काय बोलतात ते कळेना. शेवटच्या बाकावर रडले. हिच्यावर ती वेळ नको.”

“तिच्यावर आज कुठली वेळ आली आहे?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “ती तर रविवारी दुपारीच दप्तर भरून ठेवते.”

अशा क्षणासाठीच मी हे काम करते. माणसाला घटनेपेक्षा तिचा लावलेला अर्थ छळतो, हे मी मनापासून मानते. झोप उडवणारा आकडा 6 नव्हताच. तो शेवटचा बाक होता.

तुलना जरूर करा, पण शाळेत जाऊन. वाचनात मागे पडलेल्या मुलाला कोण, आठवड्यातून किती वेळा बसवून शिकवतं? गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? वर्गात मुलं किती? मूल सकाळी पोट दुखतंय म्हणू लागलं, त्रास सांगूनही शाळा हलली नाही, तर शाळा बदलण्याचा विचार जरूर करा, आणि तेव्हा रेटिंग 9 असलं तरी करा.