पालकाची भजी: ‘कुरकुरीत’ की ‘खुसखुशीत’?

प्रश्न असा आला आहे: पालकाच्या भज्यांना ‘खुसखुशीत’ म्हणावं की ‘कुरकुरीत’? शिवाय ‘दोन भज्या दे’ हे बरोबर का?

दुसरा आधी उरकतो. एक भजं, दोन भजी, भज्याचा तुकडा. केळं-केळी-केळ्याचं चालतं तसंच. पण ‘भजी’ हे पोळी, वडी यांच्या रांगेतलं वाटतं, म्हणून लोकांनी ते स्त्रीलिंगी एकवचन केलं आणि पोळ्या-वड्यांसारख्या ‘भज्या’ निघाल्या. विदर्भात ‘आलूचे भजे खाल्ले’ म्हणतात, ते अनेकवचनच. मला ‘भज्या’ खटकतं, पण समोर गरम ताटली असली की मी दुरुस्त करायला जात नाही.

आता मूळ मुद्दा. कुरकुरीत म्हणजे दाताखाली आवाज करणारं. खुसखुशीत म्हणजे आवाज न करता तोंडात विरणारं: करंजी, शंकरपाळे. हा गुण मोहनाचा. तेलातुपात चोळलेलं पीठ चिवट होत नाही. भज्याच्या पिठातही कडकडीत तेलाचं मोहन घालतात, बहुधा तिथूनच हा घोटाळा होतो. पण भज्यात ते चमचाभरच. जास्त झालं की भजी तेल पितात.

पालक बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन आणि थोडं तांदळाचं पीठ कालवा, वरून पाणी जवळजवळ नकोच. झाऱ्यावर उचललेल्या भज्याच्या कडेला पानाचा एखादा काळपट हिरवा तुकडा पिठाबाहेर आलेला असतो. तो मोडताना जो आवाज येतो, तो निखळ ‘कुरकुरीत’. अख्खं पान पुसून पातळ पिठात बुडवून तळलं, तर मी ‘चुरचुरीत’ म्हणेन. तो आवाज आणखी बारीक असतो.

गरम घाणा डब्यात भरून झाकण लावलं की मात्र वाफेनं भजी मऊ पडतात, आणि थोड्या वेळानं ‘वातड’.

गंमत म्हणजे लेख खुसखुशीत असतो, गप्पाही खुसखुशीत असतात. कुरकुरीत लेख कुणी म्हणत नाही. माणसाच्या वाट्याला नुसती ‘कुरकुर’ येते, तीही बहुतेकदा भजी संपल्यावर.